डोळ्यातले कुसळ आणि लाली घालवणारे थेंब

सोयाबीनची मळणी सुरू झाली की माझ्या दवाखान्यातील गर्दीचे रूप बदलते. एरवी चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू यांसाठी येणारी माणसे जास्त. दसरा-दिवाळीच्या सुमारास मात्र एका डोळ्यावर रुमाल धरून बसलेले शेतकरी आणि शेतमजूर बाकावर दिसू लागतात. कुणाच्या डोळ्यात भुसा उडालेला असतो, कुणाला शेंगेचे टोक लागलेले असते. पुढे ऊसतोडणी लागली की उसाच्या पात्याने डोळा कापलेले येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी गव्हाचे कुसळ गेलेले.

गेल्या हंगामात पन्नाशीचे एक शेतकरी असेच आले. मळणी यंत्रापाशी उभे असताना डोळ्यात काहीतरी गेले. त्यांनी डोळा चोळला, पाणी मारले. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, पाणी गळू लागले. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेले तेव्हा औषधाच्या दुकानातून त्यांनी थेंब घेतले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, यांच्याजवळ ती नव्हतीच.

"डॉक्टरसाहेब, चार दिस लई बरं वाटलं बघा," ते सांगत होते. "लाली गेली, ठणका गेला. म्हनलं, सुटलो. मग पुन्ना ठणकाया लागलं, अन् आता निस्तं धुकं दिसतंय."

मी बाटली हातात घेऊन पाहिली. त्या थेंबांत जंतुनाशकाच्या जोडीला स्टिरॉइड होते. स्लिट लॅम्पखाली डोळा तपासला. बुबुळावर करड्या-पांढऱ्या रंगाचा, कोरडा, पिसासारख्या कडांचा डाग होता. आजूबाजूला त्याची बारीक पिल्ले होती. आणि डोळ्याच्या आत तळाशी पू साचला होता. जखमेचा कण खरवडून काढला, पोटॅशच्या थेंबात काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फांद्या फुटलेले धागे स्पष्ट दिसत होते. ती बुरशी होती. ज्या चार दिवसांत मामांना 'लई बरं' वाटत होते, त्याच चार दिवसांत ती आत आत रुजत गेली होती.

त्या चार दिवसांविषयीच मला आज लिहायचे आहे.

आधी एक साधा प्रश्न विचारू. बुरशीचे बीजाणू मातीत, कडब्यात, भुशात आणि आपण श्वास घेतो त्या हवेत असतात. ते आपल्या उघड्या डोळ्यांवर रोज येऊन पडतात. मग सगळ्यांच्याच डोळ्यांत बुरशी का वाढत नाही? याचे उत्तर असे की आपला डोळा जन्मतःच पहारेकरी घेऊन येतो. लस टोचून किंवा एकदा आजार होऊन मिळणारी प्रतिकारशक्ती वेगळी. ही उपजत असते. तिला शत्रूची आधी ओळख लागत नाही. ती पहिल्या तासापासून कामाला लागते.

तिचा पहिला पहारा पापणीचा आणि अश्रूंचा. पापणी लवली की आलेला कचरा पुसला जातो आणि अश्रू तो धुऊन नेतात. पण अश्रू म्हणजे नुसते खारट पाणी नव्हे. पुढे पेनिसिलिनमुळे जगप्रसिद्ध झालेल्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 साली लायसोझाइम नावाचा जंतूंना फोडणारा पदार्थ जाहीर केला, तो अश्रूंत भरपूर असतो. त्याचा मारा मुख्यतः जिवाणूंवर. अश्रूंतला दुसरा पदार्थ लॅक्टोफेरिन. तो लोह स्वतःशी बांधून ठेवतो. लोहावाचून जिवाणूही वाढत नाहीत आणि बुरशीही वाढत नाही. थोडक्यात, आलेल्या पाहुण्याला दाणापाणीच मिळू द्यायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरा पहारा डोळ्याच्या काचेचा. डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. त्याला पारपटल म्हणतात. बोलण्यात आपण त्यालाच बुबुळ म्हणतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर पेशींचे पाच ते सात थर एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले असतात. हा थर अखंड असेल तर बीजाणू वरून घरंगळून जातो. कुसळ, पाते किंवा काटा या थराला ओरखडा काढतो आणि कधी कधी बीजाणूंना स्वतःच आत नेऊन पेरतो. भिंतीला भगदाड पडले की मग खरी लढाई सुरू होते.

येथे निसर्गापुढे एक अडचण आहे. पारपटलातून प्रकाश आरपार जायला हवा, म्हणून त्यात रक्तवाहिनी ठेवलेली नाही. शरीराच्या दुसऱ्या भागाला काटा लागला तर रक्त तिथल्या तिथे असते, त्यामुळे पांढऱ्या पेशी लगेच जमतात. डोळ्याच्या काचेला मात्र कुमक बुबुळाच्या कडेवरून, पांढऱ्या भागातील वाहिन्यांतून मागवावी लागते. जणू वाडीत चोर शिरला आहे आणि पोलीस ठाणे तालुक्याला आहे.

ही कुमक कशी येते, हे प्रथम नीट पाहिले गेले ते बुरशीच्याच आजारात. 1879 साली जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी एका शेतकऱ्याच्या डोळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मळणीत ओटचे कुसळ त्याच्या डोळ्यात गेले होते आणि जखमेत ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढली होती. म्हणजे आमच्या या मामांची कहाणी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे! लेबर यांनी पुढे सशांच्या पारपटलात तीच बुरशी घालून पाहिली. दूरच्या कडेवरील रक्तवाहिन्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि इकडेतिकडे न भटकता थेट बुरशीच्या दिशेने जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. कुठले तरी रसायन त्यांना बोलावत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी 1888 साली मांडला. तो खरा ठरला.

बोलावणारे कोण, हे उमगायला आणखी शंभर वर्षे गेली. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी बारीक चिलटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. फ्रान्समधील ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली दाखवले की या चिलटांतील 'टोल' नावाचे जनुक बिघडले, तर ती ॲस्परजिलस बुरशीला बळी पडून मरतात. माणसातही त्याच घराण्याचे रेणू सापडले. या कामासाठी हॉफमन यांना 2011 सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या पेशींवर असे अनेक रेणू असतात. त्यांपैकी डेक्टिन-1 हा रेणू बुरशीच्या अंगावरील बीटा-ग्लुकान नावाची साखरेची साखळी ओळखतो. ही साखळी आपल्या शरीरात नसते. ती दिसली की परका आला, हे निश्चित.

चोरही काही भोळा नसतो. हवेत तरंगणारा बीजाणू अंगावर प्रथिनाचे एक आवरण पांघरून येतो. त्याखाली बीटा-ग्लुकान झाकलेले राहते आणि पहारेकऱ्यांना ओळख पटत नाही. 2009 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी हे उघड केले. पण जखमेत ओल मिळाली की बीजाणू फुगतो, त्याला अंकुर फुटतो आणि घोंगडी गळून पडते. तेव्हा पारपटलातील मोजक्या राखणदार पेशी त्याला ओळखतात आणि रसायनांची हाक देतात. कडेवरच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी हजारोंनी धावत येतात.

या न्यूट्रोफिल लहान बीजाणू गिळून टाकतात. बुरशीचा लांब धागा त्यांना गिळता येत नाही, म्हणून त्याला घेरून त्या त्याच्यावर ऑक्सिजनपासून बनलेली तीव्र द्रव्ये सोडतात आणि वाढीला लागणारे जस्त व लोह त्याच्या तोंडचे काढून घेतात. बुरशी ही द्रव्ये निष्प्रभ करणारे पदार्थ तयार करते. अशी ही दिवसरात्र चालणारी झुंज असते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील रुग्णांच्या पारपटलांचे नमुने तपासून 2011 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही न्यूट्रोफिलच बहुसंख्येने आढळल्या होत्या. आपल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांतली लढाई तीच लढतात.

आता लालीकडे येऊ. ती रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांची असते. याच वाटेने कुमक येत असते. म्हणजे लाली हा आजार नव्हे. आजाराची वर्दी पोहोचली, याची ती खूण आहे.

स्टिरॉइडचा थेंब नेमकी ही वर्दी दाबतो. पेशींनी बोलावण्याची रसायने करणे तो कमी करतो, न्यूट्रोफिल वाहिनीतून बाहेर पडण्याला तो अडवतो, आणि भक्षक पेशींची मारण्याची ताकदही घटवतो. वाहिन्या आकसतात, डोळा पांढरा होतो, ठणका थांबतो. रुग्ण खूश, दुकानदार खूश. बुरशी सर्वांत खूश. रात्री चोर आला म्हणून कुत्रे भुंकू लागले, तर झोपमोड होते म्हणून आपण कुत्र्याचे तोंड बांधतो काय? डोळ्याच्या बाबतीत आपण गावोगाव हेच करत आहोत.

दुकानदारांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. ही चूक माझ्याही हातून झाली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत ऊसतोडणीच्या टोळीतली एक तरुण बाई माझ्याकडे आली होती. डोळा लाल, बुबुळावर लहानसा डाग. बाहेर गर्दी होती. खरवडा घ्यायला वीस मिनिटे लागली असती. विषाणूमुळे आलेली सूज असावी, असा अंदाज बांधून मी स्टिरॉइडचे थेंब लिहून दिले. तिला आराम पडला आणि टोळीबरोबर ती पुढच्या फडावर निघून गेली. तीन आठवड्यांनी परत आली तेव्हा पारपटलाला भोक पडले होते. तो डोळा काढावा लागला. "तुमच्या औषधानं पहिल्यांदा बरं वाटलं होतं, साहेब," असे ती म्हणाली. त्या वाक्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अजून टोचते. तेव्हापासून खरवडा पाहिल्याशिवाय जखमी डोळ्यात स्टिरॉइड घालायचे नाही, हा नियम मी मोडलेला नाही.

काही डॉक्टर मित्र यावर म्हणतील की सूजही डोळ्याचे नुकसान करते. ते खरे आहे. न्यूट्रोफिल जी द्रव्ये सोडतात त्यांनी बुरशीबरोबर पारपटलाचे तंतूही विरघळतात. मागे पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला 'फूल पडणे' म्हणतात. घर वाचवायला आलेल्यांनी घराची दारे-खिडक्या मोडाव्यात, तसे हे आहे. या सुजेला आवर कसा घालावा, यावर जगभर संशोधन चालू आहे आणि ते व्हायलाच हवे. पण आधी चोर पकडला पाहिजे. शत्रू जिवंत असताना फौज परत पाठवण्यात शहाणपण नाही. डोळ्याच्या आतल्या सुजेत, शस्त्रक्रियेनंतर किंवा काही ॲलर्जीत स्टिरॉइड उत्तम काम करते. माझा विरोध औषधाला नाही, डोळा न तपासता ते घालण्याला आहे. शिवाय ते दीर्घकाळ घातले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होण्याची भीती असते, ती वेगळीच.

पहारेकरी निकामी झाले की काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने 2021 साली पाहिले आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आलेली 'काळी बुरशी' नाकातून डोळ्याच्या खोबणीत शिरली. ती बुरशी वेगळी, तिची वाट वेगळी. पण अनियंत्रित मधुमेह आणि बेसुमार स्टिरॉइड या दोहोंनी शरीराचे हेच उपजत पहारेकरी लुळे केले होते. तेव्हा घरोघरी बुरशी हा शब्द ठाऊक झाला. साथ ओसरली आणि आपण धडा विसरलो. मळणीतली बुरशी मात्र दरवर्षी येते. तिची साथ म्हणून नोंद होत नाही, कारण ती एकेका डोळ्याने येते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार पारपटलाच्या बुरशीचे रुग्ण दरवर्षी दहा लाखांहून अधिक असतात, त्यांतील मोठा वाटा आशिया आणि आफ्रिकेतला, आणि शंभरातील 8 ते 11 जणांना डोळाच गमवावा लागतो.

यावर औषध आहे. नॅटामायसिनचे थेंब जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. दक्षिण भारतातील अरविंद रुग्णालयांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते व्होरिकोनॅझोल या नव्या औषधाच्या थेंबांपेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियम या बुरशीवर. पण हे औषध पारपटलात फार खोल उतरत नाही. सुरुवातीला ते जागेपणी तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागते. बुरशी वरवर असतानाच ते सुरू झाले तर डोळा वाचतो. खोल गेल्यावर औषधाचा हात तिथे पोहोचत नाही. म्हणून ते फसवे चार दिवस महाग पडतात.

मग काय करावे? माझे म्हणणे असे आहे.

स्टिरॉइड असलेले थेंब चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा कायदा आहे. तो पाळला जावा, इतकीच अपेक्षा आहे. औषध दुकानदार बंधूंना मी विनंती करीन की गिऱ्हाईक 'डोळ्यात कचरा गेला' म्हणाले की थेंबांच्या कपाटाकडे हात नेऊ नका, त्याला डॉक्टरांकडे पाठवा. गिऱ्हाइकाची अडचणही मला कळते. डोळ्यांचा डॉक्टर चाळीस किलोमीटरवर, जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी बुडते, आणि मळणी तर थांबत नाही. म्हणूनच नुसता उपदेश पुरणार नाही. ग्रामीण रुग्णालयांत हिवतापाचे रक्त आणि क्षयाचा बेडका तपासायला सूक्ष्मदर्शक असतो. तो तपासणारा तंत्रज्ञ असतो. डोळ्याचा खरवडा पाहायला याहून जास्त काही लागत नाही. पोटॅशचे द्रावण तर अगदी स्वस्त असते. खरवडा घेऊ शकणारा नेत्रतज्ज्ञ मळणीच्या दोन महिन्यांत आठवड्यातून ठरावीक दिवशी तिथे यावा आणि नॅटामायसिनची बाटली तिथेच मिळावी. मोतीबिंदूची शिबिरे आपण उत्साहाने भरवतो, त्यांचे फोटो छापून येतात. हे काम फोटोचे नाही, पण याने कमावते डोळे वाचतील. आमच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी एकदा जिल्हा नियोजनाच्या बैठकीत मांडून पाहावी.

वाचकांनी स्वतः करायच्या गोष्टी थोड्या आहेत. मळणी यंत्रापाशी आणि उसाच्या फडात साधा का होईना, चष्मा किंवा गॉगल लावा. डोळ्यात काही गेले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कचरा काढू नका. आईचे दूध, मध, तूप, एरंडेल, झाडपाल्याचा रस यांतले काहीही डोळ्यात घालू नका. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतो. चोवीस तासांत ठणका, लाली वा अंधुकपणा कमी झाला नाही, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर मळणी दुसऱ्यावर सोपवून नेत्रतज्ज्ञ गाठा. आधी थेंब घातले असतील तर ती बाटली बरोबर घ्या. मधुमेह असेल तर तेही सांगा.

आमच्या मामांची बुरशी सात आठवड्यांनी गेली. डोळा वाचला, नजर वाचली नाही. बुबुळाच्या मध्यावर फूल पडले आहे. आता कुणाच्या तरी नेत्रदानातून मिळणाऱ्या पारपटलाची ते वाट पाहत आहेत. मागच्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "डोळा लाल होता तवाच तुमच्याकडं आलो असतो तर?" मी उत्तर दिले नाही. डोळा त्या दिवशी लाल होऊन त्यांना बोलावतच होता. ते त्यांना कुणी सांगितले नव्हते. वाचकहो, तुम्ही आता ते वाचले आहे. मळणीवर जाणाऱ्या चार जणांना सांगा.